वेशीबाहेरचा परदेश

जालन्याच्या एमआयडीसीत रविवारी भट्टी थांबत नाही. एकदा भंगार वितळायला घातले की लोखंड वार पाहत नाही, आणि तापलेली भट्टी विझवून पुन्हा पेटवणे कुठल्याच मालकाला परवडत नाही. या वसाहतीतल्या एका रोलिंग मिलच्या टाइम ऑफिसात मी तीस वर्षे काढली. हजेरीच्या खिडकीसमोर शनिवारी संध्याकाळी ठरावीक चार-पाच जण यायचे आणि मान तिरकी करून एकच गोष्ट मागायचे : उद्याची पहिली पाळी बदलून द्या, सकाळी उपासना आहे. मी वारकरी घरातला. आषाढीला रजा मागणाऱ्याची निकड मला कळत होती, म्हणून यांचीही कळली. पाळ्या बदलून देत गेलो, पण त्यापलीकडे कधी काही विचारले नाही.

मग एके दिवशी भरतीच्या वेळी दोन तरुण समोर उभे राहिले. गाव एक, आडनाव एक, चेहऱ्याची ठेवणही बरीचशी एकच. अर्जातल्या जातीच्या रकान्यात एकाने मातंग लिहिले आणि दाखल्याची झेरॉक्स जोडली. दुसऱ्याने ख्रिस्ती लिहिले आणि हात मागे घेतला. तुम्ही भाऊबंद ना, मग असे कसे, असे मी विचारले. दुसरा म्हणाला, "साहेब, आमचे पणजोबा बेथेलला गेले होते."

त्याने ते इतक्या सहज सांगितले, जणू बेथेल म्हणजे शेजारचा तालुका. मला मात्र काही कळले नाही. पुढे निवृत्तीनंतर जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद या भागांतल्या ख्रिस्ती घरांमध्ये बसून जुन्या माणसांकडून जे ऐकले, ते या पुस्तकात एकत्र केले आहे. त्या आठवणी वाचण्याआधी बेथेल म्हणजे काय, ते कोणी वसवले आणि तिथे 'जाणे' म्हणजे नेमके काय होते, हे वाचकाला ठाऊक असावे, यासाठी ही लांबलेली प्रस्तावना.

मिशनरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र येते : समुद्र ओलांडून आलेला गोरा पाद्री, डोक्यावर उन्हाची टोपी, तोंडात मोडकी मराठी आणि झाडाखाली गोळा झालेले गावकरी. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात हे चित्र खरेही आहे. 1813 साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मुंबईत उतरले. 1831 साली त्यांच्या मिशनने अहमदनगरला ठाणे केले आणि तिथून ती माणसे घोड्यावर, बैलगाडीत आसपासच्या खेड्यांत फिरू लागली. स्कॉटलंडहून आलेल्यांनी आधी कोकणात बाणकोट-हर्णैला आणि मग मुंबई-पुण्यात काम मांडले. जालन्यात मात्र हे चित्र उलटे होते. इथल्या खेड्यांत येशूचे नाव घेऊन जो माणूस फिरला तो मराठी ब्राह्मण होता, डोक्यावर पांढरी पगडी घालणारा. त्याचे नाव रेव्हरंड नारायण शेषाद्री.

जालन्यातल्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे? जालना म्हणजे 'सोने का पालना', जालना म्हणजे सळई आणि बियाणे, हे आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको इथे उभी केली, तेही सांगतो. त्याच्या शंभर वर्षे आधी याच मातीत एका माणसाने माणसांसाठी गाव वसवून पाहिले, हे आमच्या सांगण्यात येत नाही. मला याची खंत वाटते, आणि हे पुस्तक त्या खंतीतून आले आहे.

नारायण शेषाद्री मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. जॉन विल्सन, रॉबर्ट नेस्बिट, मरे मिचेल हे तिथले शिक्षक. त्यांतले नेस्बिट उत्तम मराठी बोलत. 1843 साली, विशी नुकतीच ओलांडलेल्या नारायणाने बाप्तिस्मा घेतला. त्या वर्षी पुढे जे घडले त्याने सगळी मुंबई ढवळून निघाली. नारायणाचा धाकटा भाऊ श्रीपत, दहा-बारा वर्षांचा मुलगा, त्याच्यापाठोपाठ मिशनरींच्या घरी राहायला गेला होता. वडील न्यायालयात गेले. मुलगा अजाण आहे असे ठरले आणि न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केले. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, पण ख्रिस्ती माणसांबरोबर त्याचे जेवणखाण झाले होते. आता त्याला जातीत परत घ्यायचे की नाही, यावरून शास्त्री मंडळींत वाद पेटला. प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावे, अशी बाजू बाळशास्त्री जांभेकरांनी घेतली आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला.

हे प्रकरण इतिहासाच्या पुस्तकांत बाळशास्त्रींच्या धैर्याचा दाखला म्हणून येते, आणि ते योग्यच आहे. पण मी ते वाचतो तेव्हा माझे मन त्या घरात जाते. दोन मुलगे. एक कायमचा गेला, दुसरा परत आला तर त्याच्या ताटाला ताट लावायला शेजारी तयार नाहीत. धर्मांतराविषयी बोलताना आपण एकतर तारणाची भाषा करतो किंवा फितुरीची. त्या आईच्या वाट्याला आलेले दुःख या दोन्ही भाषांत मावत नाही. नारायणरावांचा मला आदर वाटतो. त्या आदरापायी हे दुःख झाकून ठेवावे, असे मात्र मला वाटत नाही. या पुस्तकातही अशी घरे आहेत. भाऊ बेथेलला गेला म्हणून त्याच्या नावाने आंघोळ केलेली घरे आहेत, आणि तीन पिढ्यांनी एका लग्नात पुन्हा पंगतीला बसलेली घरेही आहेत. दोन्ही मी तशीच ठेवली आहेत.

1854 साली नारायण शेषाद्रींना पाळक म्हणून दीक्षा मिळाली आणि 1860 नंतरच्या दशकात ते जालन्याला आले. तेव्हाचे जालना डोळ्यांपुढे आणायला हवे. इंग्रजी मुलूख मागे राहिलेला, हे निजामाचे राज्य. कुंडलिकेच्या एका अंगाला जुना जालना, दुसऱ्या अंगाला कादराबाद, आणि जवळ हैदराबाद कंटिंजंटची छावणी. रेल्वे इथे यायला अजून पस्तीस-चाळीस वर्षे अवकाश होता, म्हणजे पुढची वाट बैलगाडीचीच. राज्य वेगळे, कायदा वेगळा, कचेरीची भाषा फारसी. मुंबईच्या माणसाला हा परदेशच होता.

पण नारायणरावांनी ओलांडलेले खरे अंतर याहून कितीतरी मोठे होते, आणि ते मैलांत मोजता येणारे नव्हते. जालन्याभोवतीच्या खेड्यांत त्यांच्या सांगण्याला ज्यांनी साद दिली, ते प्रामुख्याने मांग समाजाचे लोक होते. ब्राह्मणाच्या घरात जन्मलेला, संस्कृत कानांवर पडत वाढलेला माणूस गावकुसाबाहेर मांगवाड्यात जातो, तिथल्या बाजेवर बसतो, तिथल्या माठातले पाणी पितो. स्कॉटलंडहून आलेल्या माणसाला हे करताना जात आडवी येत नव्हती, कारण त्याला ती नव्हतीच. त्याच्या शिवाशिवीची गावाने वेगळी सोय लावून दिली होती : साहेब तो साहेब. नारायणरावांना ती सवलत नव्हती. ते काय सोडून येत आहेत, हे पाहणाऱ्या प्रत्येकाला कळत होते. मांगवाड्यातल्या म्हाताऱ्यांनाही कळत होते, आणि माझ्या मते नारायणरावांच्या बोलण्यातले निम्मे वजन तिथून आले होते.

याच काळातली आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. 1855 साली 'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. लिहिणारी होती मुक्ता साळवे, फुले यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांग समाजातली मुलगी. ज्या धर्माचे ग्रंथ वाचायची आम्हाला मनाई आहे तो धर्म आमचा कसा, मग आमचा धर्म कोणता, असा तिचा थेट देवालाच प्रश्न होता. मुक्ता ख्रिस्ती झाली नव्हती आणि तिचा निबंध कोणत्याही मिशनरीने शिकवलेला नव्हता. पण जालन्याच्या मांगवाड्यात नारायण शेषाद्री पोचले, त्याआधीच हा प्रश्न मराठीत मोठ्याने विचारला गेला होता. बेथेलला जाणाऱ्यांना कोणी भुलवून नेले असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. त्या माणसांना प्रश्न पडलेला होता. उत्तर बरोबर की चूक, यावर वाद जरूर करावा.

आता बेथेल. नुसता बाप्तिस्मा घेऊन गावात राहणे फार अवघड होते. मांगाचे गावातले स्थान बलुत्याने बांधलेले असे. दोर वळायचे, केरसुण्या करायच्या, जत्रेत आणि लग्नात वाजवायचे, सांगतील ती राबणूक करायची, आणि सुगीत खळ्यावर जो वाटा पडेल तो घ्यायचा. बाप्तिस्मा घेतलेल्याने देवीपुढे वाजवायचे नाही म्हटले की गाव त्याचा वाटा थांबवणार. वाटा थांबला की उपास. नवा धर्म पाळायचा तर आधी पायांखाली स्वतःची जमीन हवी, हे नारायणरावांनी ओळखले. त्यांनी थेट हैदराबादच्या दिवाणाकडे, सर सालारजंग यांच्याकडे जमीन मागितली, आणि सालारजंगांनी ती दिली. या व्यवहाराकडे जरा थांबून पाहावे. मुसलमान राज्याचा दिवाण, ब्राह्मण कुळात जन्मलेल्या ख्रिस्ती पाळकाला, मांगांचे गाव वसवण्यासाठी जमीन देतो. मराठवाड्याच्या इतिहासातली ही घटना शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती.

गावाचे नाव ठेवले बेथेल. हिब्रूत त्याचा अर्थ देवाचे घर. बायबलच्या पहिल्या पुस्तकात याकोब हा भावाच्या रागाला भिऊन घरातून पळालेला तरुण उघड्या रानात, उशाला दगड घेऊन झोपतो. तिथे त्याला स्वर्गापर्यंत टेकलेली शिडी दिसते, आणि उठल्यावर तो त्या जागेला हे नाव देतो. घर सुटलेल्या माणसाने ठेवलेले नाव, घर सुटलेल्या दुसऱ्या माणसाने जालन्याच्या माळाला दिले. ते त्यांनी विचारपूर्वक निवडले असणार, असे मला नेहमी वाटते. तिथे देऊळ झाले. मराठी ख्रिस्ती माणूस चर्चला देऊळच म्हणतो, आणि या पुस्तकातही तोच शब्द आहे. शाळा आली, शेती उभी राहिली. ज्यांच्या हाताला वंशपरंपरेने दोर आणि केरसुणी ठरलेली होती, त्यांची मुले पाटीवर बाराखडी गिरवू लागली.

या सगळ्याला पैसा लागत होता, आणि इथे गोष्टीला आणखी एक वळण मिळते. खेड्यांत जाण्यासाठी गोऱ्यांनी समुद्र ओलांडला, तसा खेड्यांसाठी नारायणरावांनीही ओलांडला, फक्त उलट्या दिशेने. 1873 साली न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली, तिथे ते बोलले. पांढरी पगडी आणि मराठी पेहराव घातलेला हा माणूस अस्खलित इंग्रजीत बोलू लागला तेव्हा लोक थक्क झाले. स्कॉटलंड, अमेरिका इथल्या सभांतून त्यांनी जालन्याचे वर्णन केले आणि मदत मागितली. पुढेही ते परदेशी जात राहिले. 1891 साली अशाच एका दौऱ्यावरून परतताना, समुद्रावरच त्यांचा अंत झाला. मला कधी कधी वाटते, न्यूयॉर्कच्या त्या सभागृहात टाळ्या वाजवणाऱ्यांना खरोखर काय समजले असेल? त्यांच्या लेखी हिंदुस्थानातले एक खेडे म्हणजे जगाचे दुसरे टोक. पगडीवाल्या वक्त्याने सर्वांत लांबचा प्रवास केला होता तो पावलांत मोजावा इतकाच, वाड्यापासून मांगवाड्यापर्यंतचा. तो त्यांना दिसणे कठीण होते.

हे सांगताना मिशनच्या कामातल्या खोटी लपवाव्यात असे मला वाटत नाही. परदेशी पाठवायच्या अहवालांत किती जण वाचले, किती बाप्तिस्मे झाले, यांचे आकडे मांडायची सवय या सगळ्याच मिशनांना होती. माणसाचे आयुष्य त्या आकड्यात हरवते. खेड्यातल्या देवदेवतांविषयी, जत्रांविषयी त्या लिखाणात जो तुच्छतेचा सूर येतो, तो वाचताना माझ्यासारख्याला आजही बोचतो. 1876 ते 78 चा दुष्काळ आणि मग 1899-1900 चा, या काळात भुकेल्यांना मिशनने अन्न दिले आणि मंडळ्याही वाढल्या. त्यांतले किती पोटासाठी आले, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. एका आजींनी मला दिलेले उत्तर मी पुस्तकात घेतले आहे. त्या म्हणाल्या, भुकेल्याला भाकरी देणारा देव मोठा वाटला तर त्यात त्या भुकेल्याचे काय चुकले? मला यावर बोलता आले नाही.

आणखी एक खोट आतली आहे. वेगळे गाव वसवले की आसरा मिळतो, पण नवी वेसही उभी राहते. बेथेलचा माणूस जुन्या गावाच्या सुखदुःखातून थोडा बाहेर पडला. त्याच्या लग्नाच्या गाठी आता मिशनच्या घरांतच बांधल्या जाऊ लागल्या, आणि तिथेही कोण कुठून आला हे लोक विसरले नाहीत. देवळात सगळे एका बाकावर बसले तरी सोयरिकीच्या वेळी जुने प्रश्न हळूच पुढे येत. आजही येतात. पुस्तकातल्या तिघांनी हे स्पष्ट बोलून दाखवले आहे. त्यांची नावे त्यांच्याच इच्छेने दिलेली नाहीत.

जालना एकटे नव्हते. शेजारच्या औरंगाबादला चर्च मिशनरी सोसायटीचे काम अनेक वर्षे रतनजी नवरोजी या पारशी घरातून आलेल्या पाळकाने सांभाळले. म्हणजे निजामाच्या मराठवाड्यातल्या या दोन्ही ठाण्यांवर गावोगाव फिरणारे प्रमुख मिशनरी इथलेच होते. परदेशी मिशनरी आणि देशी गावकरी अशी सोपी विभागणी इथे लागू पडत नाही. गोदावरीपलीकडे नगर जिल्ह्यात पुढे काम केलेले कवी नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. मागून, 1900 साली, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईही. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको की सोवळ्यात वाढलेल्या एका बाईला दुसऱ्याच्या हातचे पाणी पिण्यापर्यंत यायला केवढे अंतर चालावे लागले. टिळकांनी येशूला अभंगात आणि कीर्तनात आणले. जालन्याच्या देवळात रविवारी 'उपासना संगीत' हे गीतांचे पुस्तक उघडून लोक गाऊ लागतात तेव्हा पाठीमागे बसून मी डोळे मिटतो. पेटी, तबला, टाळ. चाली मला लहानपणापासून ओळखीच्या आहेत.

पुढचा संस्थांचा इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. ज्या फ्री चर्चचे नारायण शेषाद्री पाळक होते, ते 1900 साली स्कॉटलंडमध्ये दुसऱ्या एका चर्चशी एक झाले, आणि 1929 साली ते बहुतांशी चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये विलीन झाले. 1948 साली निजामाचे राज्य संपले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि परदेशी मिशनचे नाव मागे पडले. जालन्यात मिशन हॉस्पिटल हा शब्द मात्र अजून रिक्षावाल्याला पुरतो.

दवाखान्यावरून जामखेड आठवते. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य तिथे गेले. मिशनच्या दवाखान्यात काम करताना त्यांच्या लक्षात आले होते की बरा होऊन गेलेला रुग्ण तोच आजार घेऊन पुन्हा येतो, कारण आजार गावातल्या पाण्यात, उपासमारीत आणि जातीत आहे. म्हणून त्यांनी खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर, अनेकदा दलित बायकांनाच आरोग्याचे शिक्षण दिले. बाळंतपण, जुलाब, लसी हे सगळे त्या पाहू लागल्या, आणि ज्यांना कोणी उंबरा ओलांडू देत नव्हते त्यांना लोक हाका मारून घरात बोलावू लागले. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नारायणरावांनी मांगांसाठी वेगळे गाव वसवले, आरोळ्यांनी आहे त्याच गावात मांगाच्या सुनेला मानाची जागा मिळवून दिली. दोघांत निवड करायला सांगितली तर मी दुसरी वाट निवडेन. पण पहिली वाट कोणी तुडवली नसती तर दुसरी सुचली असती का, हेही मनात येते.

आता पुन्हा त्या दोन अर्जांकडे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी मुख्यतः हिंदूंपुरता होता. 1956 साली तो शिखांना आणि 1990 साली बौद्धांनाही मिळाला. ख्रिस्ती झालेल्यांना तो मिळालेला नाही. म्हणून एकाच भावकीतले दोन तरुण माझ्या खिडकीसमोर उभे होते, आणि एकाच्या हातात दाखला होता, दुसऱ्याचा हात रिकामा होता. जात सोडली असे कागद म्हणतो. गावातले त्याचे घर जिथे होते तिथेच आहे, पाण्याच्या रांगेतली जागाही तीच आहे. यावर आयोग बसले, न्यायालयात वाद चालू आहेत. मला माझ्या बाजूने एवढेच सांगायचे आहे की तो रकाना भरताना त्या पोराचा चेहरा मी पाहिला आहे.

पुस्तकाविषयी थोडे. आठवणी सांगणाऱ्यांची बोली मी बदललेली नाही. मिशीबाई, पाद्रीसाहेब, बायबलबाई हे शब्द जसे आले तसे आहेत. बायबलबाया हा या पुस्तकातला मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. उन्हात गावोगाव चालत जाऊन बायकांना वाचायला शिकवणाऱ्या या विधवा, परित्यक्ता स्त्रियांची नावे अहवालांत क्वचितच येतात. त्यांच्या नातींना मात्र त्यांच्या पिशवीत काय काय असे हेही आठवते : बायबल, पाटी, सुईदोरा, आणि वाटेत कुठे पोर आजारी असले तर द्यायला ओवा. जिथे दोन घरांनी एकच प्रसंग वेगवेगळा सांगितला तिथे दोन्ही दिले आहेत.

तो दुसरा तरुण आता आमच्याच मिलमध्ये क्रेनवर आहे. रविवारी त्याची पहिली पाळी बिहारहून आलेला एक जोडीदार घेतो. छठच्या दिवसांत तो गावी गेला की हा त्याच्या रात्रपाळ्या करतो. हजेरीच्या वहीत या अदलाबदलीसाठी रकाना नाही. मी निवृत्त होताना माझ्या जागी आलेल्या मुलाला ती तोंडी सांगून आलो आहे.